पेरूची बोलकी मडकी

समजा, तुमच्या पुढ्यात एक मडके आणून ठेवले आहे. उंची वीतभर, रंग तांबूस. पण नीट पाहिले तर ते मडके म्हणजे चक्क एका माणसाचे डोके आहे! कपाळावरून घट्ट बांधलेले फडके, कानांत जाडजूड कर्णभूषणे, किंचित आवळलेले ओठ आणि वरच्या ओठावर जुन्या जखमेचा वण. डोक्यावरून दोन नळ्या कमानीसारख्या वर येऊन एकमेकींना मिळतात आणि त्यांच्यातून ओतायचे एकच तोंड निघते.

हा माणूस सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. आपल्याकडे अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रकार भिंती रंगवीत होते, साधारण त्याच सुमाराची ही गोष्ट. त्याचे नाव काय होते, हे मात्र आज सांगता येत नाही. कारण त्याच्या लोकांजवळ लिपीच नव्हती. त्यांनी एक अक्षर लिहून ठेवलेले नाही. तरीसुद्धा हा माणूस दहा वर्षांचा असताना कसा दिसत होता, विशीत कसा दिसत होता आणि पस्तिशीत कसा दिसत होता, हे आपण आज पाहू शकतो!

हे कसे शक्य झाले? लिपी नसलेल्या लोकांचा इतिहास मडक्यांवरून वाचता येतो का? आणि वाचला, तर तो खरा कशावरून? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपल्याला दक्षिण अमेरिकेत जायचे आहे. देशाचे नाव पेरू. (खायचा पेरू नव्हे बरे का!)

वाळवंटातले शेतकरी

नकाशात दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा पाहा. एका बाजूला पॅसिफिक महासागर आणि दुसऱ्या बाजूला अँडीज पर्वताची उंच भिंत. या दोहोंच्या मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. समुद्र इतका जवळ असूनही ही पट्टी जगातल्या अतिशय कोरड्या प्रदेशांपैकी एक आहे. किनाऱ्यालगत थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह वाहतो. त्यामुळे समुद्रावरची हवा थंड राहते, ती उंच चढत नाही आणि पावसाचे ढग तयार होत नाहीत. पण अँडीजवर पडणारा पाऊस लहान लहान नद्यांच्या रूपाने या वाळवंटातून वाट काढीत समुद्राला मिळतो. प्रत्येक नदीकाठी हिरवा पट्टा, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये रखरखीत वाळू.

उत्तर पेरूमधील अशा नद्यांच्या खोऱ्यांत सुमारे इसवी सन १०० ते ८०० या काळात जे लोक राहत होते, त्यांना आपण ‘मोचे’ म्हणतो. मोचे हे त्यांतल्या एका नदीचे नाव. या लोकांनी लांबच लांब कालवे खणून वाळवंटात मका, घेवडा, भोपळा, मिरची, कापूस आणि भुईमूग पिकवला. मिरची आणि भुईमूग मूळचे दक्षिण अमेरिकेतले, हे तुम्हांला ठाऊक आहे ना? ते आपल्याकडे आले ते सोळाव्या शतकापासून पुढे. म्हणजे आपली शेंगदाण्याची चटणी मोचे लोकांच्या परसातून आली म्हणायला हरकत नाही! भुईमुगाच्या शेंगा, मक्याची कणसे, बटाटे यांच्या आकाराची मडकीही त्यांनी केली आहेत.

त्यांची बांधकामेही प्रचंड होती. आजच्या त्रुहियो शहराजवळ ‘सूर्याचे मंदिर’ या नावाने ओळखली जाणारी एक टेकडी आहे. ती सगळी उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची आहे. मूळ बांधकामात तेरा कोटींहून अधिक विटा असाव्यात, असा अंदाज आहे. समोरच ‘चंद्राचे मंदिर’ आहे. त्याची आठवण ठेवा, आपण तेथे पुन्हा येणार आहोत.

चाकाशिवाय कुंभारकाम

कुंभार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गरगर फिरणारे चाक उभे राहते. पण मोचे कुंभाराजवळ चाक नव्हते. युरोपीय लोक येईपर्यंत अँडीजच्या प्रदेशात कुंभाराचे चाक कोणी वापरलेच नाही. मग इतकी रेखीव मडकी घडवली कशी?

उत्तर आहे: साचा. गणपतीच्या मूर्ती साच्यातून काढताना तुम्ही पाहिले असेल. मोचे कुंभाराची पद्धत त्याच जातीची होती. प्रथम तो भरीव मातीचे डोके हाताने घडवी. ते वाळले की त्याच्यावर ओल्या मातीचा थर दाबून बसवी आणि तो थर मधोमध कापून दोन अर्धे काढून घेई. हे अर्धे भाजले की दोन तुकड्यांचा साचा तयार. मग प्रत्येक अर्ध्यात आतून मातीची पोळी दाबायची, दोन्ही अर्धे जुळवायचे आणि सांधा आतून बोटांनी दाबून लिंपायचा. मडके फुटले की आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटांचे ठसे आजही दिसतात.

वरची कमानदार नळी वेगळी करून नंतर जोडत. तिचा आकार घोड्याच्या खोगिराच्या रिकिबीसारखा आहे, म्हणून अभ्यासक अशा भांड्यांना ‘रिकीब-नळीची भांडी’ म्हणतात. गंमत अशी, की मोचे लोकांनी रिकीबच काय, घोडाही कधी पाहिला नव्हता! घोडा तिकडे नेला सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी. नळीचे तोंड बारीक असल्यामुळे आतला द्रव हिंदकळून सांडत नाही, उडूनही कमी जातो, आणि कमान हातात धरायला सोयीची.

एका साच्यातून अनेक डोकी निघत. पण रंगवणारा प्रत्येकाचा थाट बदली. एकाच्या गालांवर पट्टे, दुसऱ्याच्या कपाळावर नक्षी, तिसऱ्याचे फडके वेगळ्या वेलबुट्टीचे. म्हणून एकाच साच्यातली भावंडे पहिल्या नजरेत ओळखूसुद्धा येत नाहीत.

लाल आणि पांढरे: लोखंडाची किमया

मोचे भांड्यांवर मुख्यतः दोनच रंग दिसतात: तांबडा आणि पांढुरका. हे रंग म्हणजे दुसरे तिसरे काही नसून माती पाण्यात कालवून केलेला पातळ घोळ. तांबड्या घोळाच्या मातीत लोखंड भरपूर, तर पांढुरक्या मातीत फार थोडे. हा घोळ लावून मडके गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे चकाकी येई. मग ते भाजायचे.

भाजताना काय होते? शंभर अंश सेल्सियसच्या आसपास मातीतले ओल्याचे पाणी उडून जाते. सुमारे पाचशे अंशांच्या पुढे मातीच्या स्फटिकांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही निघून जाते. एकदा हे पाणी गेले, की मडके पाण्यात कितीही भिजवा, त्याचा पुन्हा चिखल होत नाही. त्याच वेळी लोखंड आपले काम करते. हवा खेळती असेल तर लोखंडाचा ऑक्सिजनशी पुरता संयोग होऊन तांबडे फेरिक ऑक्साइड बनते. आपली कौले आणि विटा लाल होतात त्या याच कारणाने. भट्टी कोंडून हवा तोडली, तर ऑक्सिजन अपुरा पडतो आणि भांडे काळे होते. मोचे कुंभारांना रसायनशास्त्रातील ही समीकरणे माहीत नव्हती. पण हवा कधी द्यायची आणि कधी तोडायची, हे त्यांना नेमके कळत होते. त्यांची तांबडी भांडीही सापडतात आणि काळीही.

एक माणूस, चाळीस मडकी

आता आपल्या ओठावर वण असलेल्या मित्राकडे परत येऊ.

मोचे कुंभारांनी माणसांच्या चेहऱ्यांची शेकडो मडकी केली. ती जवळजवळ सगळी पुरुषांची आहेत. हे चेहरे ठोकळेबाज नाहीत. एखादा लठ्ठ आहे, एखाद्याचे नाक लांब आहे, एखादा हसरा तर एखादा चिंतेत. आंधळे आहेत, पाय तुटलेले आहेत, रोगाने नाक आणि ओठ झडलेलेही आहेत. या शेवटच्या भांड्यांमुळे पेरूमध्ये आजही आढळणारा, माशीच्या चाव्यातून पसरणारा लीशमेनियाचा रोग त्या काळीही होता, असे वैद्यकाच्या इतिहासकारांना वाटते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेतील पुरातत्त्वज्ञ क्रिस्तोफर डोनन यांनी जगभरच्या संग्रहांतील मोचे भांड्यांची छायाचित्रे जमवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या संग्रहात लाखाहून अधिक छायाचित्रे झाली. ती एकमेकांशेजारी ठेवून पाहताना त्यांच्या लक्षात आले, की काही चेहरे पुन्हा पुन्हा येतात. ओठावरचा तोच वण, तीच ठेवण; पण वय निरनिराळे. अशी या एकाच माणसाची चाळीसहून अधिक मडकी त्यांनी शोधून काढली. पहिल्यांत तो दहाएक वर्षांचा मुलगा आहे, शेवटच्यांत पस्तिशीच्या आसपासचा प्रौढ. २००४ साली डोनन यांनी या चेहऱ्यांवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. ही मडकी निरनिराळ्या संग्रहालयांत, निरनिराळ्या देशांत विखुरलेली होती. एकेकटे मडके पाहणाऱ्याला ते फक्त ‘सुंदर’ दिसले. चाळीस एकत्र आली तेव्हा त्यांतून एक आयुष्य उभे राहिले. विज्ञानात नोंदी ठेवण्याला आणि तुलना करण्याला एवढे महत्त्व का देतात, ते यावरून कळेल.

डोनन यांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. दिमाखदार शिरोभूषणे मिरवणाऱ्या अशा काही माणसांचे चेहरे दुसऱ्या भांड्यांवर बंद्यांच्या रूपात दिसतात: अंगावर वस्त्र नाही, दागिने नाहीत, गळ्यात दोर. असे का व्हावे? याचे उत्तर दुसऱ्या प्रकारच्या मडक्यांवर, म्हणजे चित्रे काढलेल्या मडक्यांवर मिळते.

गोल मडके, सपाट कागद

या भांड्यांचे पोट गोल असते आणि त्यावर तांबड्या रंगाच्या बारीक रेषांनी चित्र काढलेले असते. माणसांची एक रांगच्या रांग मडक्याला वळसा घालून येते. त्यामुळे मडके कसेही धरले, तरी एका वेळी निम्मेच चित्र दिसते. सगळे चित्र एकदम पाहायचे तर ते मडक्यावरून ‘सोलून’ सपाट करायला हवे.

पण गोल पृष्ठभाग सपाट करणे सोपे नाही. संत्र्याची अख्खी साल टेबलावर पसरून पाहा. ती कोठेतरी फाटतेच. पृथ्वीगोलाचा नकाशा करणाऱ्यांपुढेही हीच अडचण असते, म्हणून तर काही नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते! गोल पृष्ठभागाचा काहीही न ताणता सपाट नकाशा करता येत नाही, हे गाउस या थोर जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध करून दाखवले.

डोनन यांच्या सहकारी डॉना मॅक्लेलंड यांनी हे किचकट काम अनेक वर्षे केले. मडके थोडेथोडे फिरवून चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यायची, ती जुळवायची आणि रेषा न रेषा पाहून संपूर्ण चित्र सपाट कागदावर उतरवायचे. अशा शेकडो चित्रांमुळे मडक्याभोवती गुंडाळलेल्या गोष्टी पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत दिसू लागल्या.

चित्राचे व्याकरण

ही चित्रे पाहायला बसलो की आधी गोंधळ उडतो. पण बरीच चित्रे पाहिल्यावर काही नियम ध्यानात येतात. माणसांचे डोके आणि पाय बाजूने काढलेले असतात, छाती मात्र समोरून. महत्त्वाचा माणूस मोठा, इतर लहान. पोशाखावरून हुद्दा कळतो.

लढाईची चित्रे घ्या. दोन योद्धे समोरासमोर येतात, सोटे उगारतात. मग एकाने दुसऱ्याचे केस पकडले, की समजायचे: लढाई संपली, दुसरा हरला. पुढच्या चित्रात हरलेल्याची वस्त्रे, ढाल आणि सोटा यांचे गाठोडे जिंकणाऱ्याच्या सोट्याला बांधलेले दिसते, आणि हरलेला गळ्यात दोर घालून पुढे चालतो आहे. दिमाखदार माणसे बंदी कशी झाली, त्याचे उत्तर येथे मिळते.

आणि शेवटी येते एक भयंकर चित्र. बंद्यांचे गळे कापले जात आहेत, रक्त भांड्यात धरले जात आहे आणि ते एका उंच पेल्यातून मुख्य व्यक्तीला अर्पण केले जात आहे. डोनन यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की हेच दृश्य अनेक भांड्यांवर येते आणि त्यातली प्रमुख पात्रे ठरलेली आहेत. एक योद्धा-पुरोहित: डोक्यावर चंद्रकोरीचा मुकुट, अंगातून किरण निघत आहेत, जवळ कुत्रा. दुसरा पक्षी-पुरोहित: अर्धा माणूस, अर्धा पक्षी. तिसरी एक स्त्री: मुकुटाला दोन मोठे तुरे, वेण्यांच्या टोकांना सापांची डोकी, हातात पेला.

आता सांगा, हे चित्र कशाचे? अर्धा पक्षी असलेला माणूस तर जगात नसतो. म्हणून पुष्कळ अभ्यासकांना वाटे, की ही पुराणकथा आहे. देवांच्या जगातली गोष्ट, माणसांच्या नव्हे. नुसत्या मडक्यांकडे पाहून याचा निकाल लागणे शक्य नव्हते. वेगळा, स्वतंत्र पुरावा हवा होता.

चित्रातली माणसे सापडली!

तो पुरावा १९८७ साली मिळाला आणि तोही थोडक्यात निसटता निसटता. लांबायेके खोऱ्यातील सिपान गावाजवळ विटांची एक पडकी टेकडी आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत चोरांनी तेथे एक थडगे फोडले आणि सोन्याच्या वस्तू लांबवल्या. पोलिसांनी काही माल पकडला आणि जवळच्या संग्रहालयाचे संचालक वाल्तेर आल्वा यांना दाखवला. आल्वा ताबडतोब टेकडीवर गेले आणि चोरांचा धोका पत्करून तेथेच तळ ठोकून त्यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू केले.

चोरांच्या हाती न लागलेले एक थडगे खाली शाबूत होते. लाकडी शवपेटीत एक मध्यमवयीन पुरुष होता. त्याच्याबरोबर होता चंद्रकोरीच्या आकाराचा सोन्याचा मुकुट, कर्णभूषणे, पाठीवर बांधायचा धातूचा पत्रा, आणि भुईमुगाच्या शेंगांच्या मण्यांचा हार: दहा शेंगा सोन्याच्या आणि दहा चांदीच्या. सोबत पुरलेल्या माणसांबरोबर एक कुत्राही होता. थडग्याचा काळ तिसऱ्या शतकाच्या आसपासचा ठरला.

चंद्रकोरीचा मुकुट, पाठीवरचा पत्रा, कुत्रा... हे वर्णन कोठे वाचले, आठवते ना? तो मडक्यावरचा योद्धा-पुरोहित होता! पुढे त्याच टेकडीत दुसरे थडगे सापडले. त्यातल्या माणसाच्या मुकुटावर घुबड होते आणि त्याच्याजवळ तांब्याचा पेला होता. हा चित्रातला पक्षी-पुरोहित. ‘अर्धा पक्षी’ म्हणजे पक्ष्याचा वेष घेतलेला माणूस!

राहिली ती स्त्री. १९९१ साली डोनन आणि पेरूचे पुरातत्त्वज्ञ लुइस हाइमे कास्तियो यांना सान होसे दे मोरो या दुसऱ्या खोऱ्यातील ठिकाणी एका स्त्रीचे थडगे सापडले. तिच्या शवपेटीवर धातूचे दोन मोठे तुरे होते आणि थडग्यात पेलाही होता. ही स्त्री सिपानच्या पुरुषानंतर कित्येक पिढ्यांनी होऊन गेली होती. याचा अर्थ काय? चित्रातली पात्रे म्हणजे कोणी तीन विशिष्ट माणसे नव्हती. ती पदे होती. एक माणूस गेला की दुसरा तोच मुकुट, तोच पेला आणि तीच भूमिका घेई.

शेवटचा दुवा चंद्राच्या मंदिरात मिळाला. तेथे १९९५ पासून स्टीव्ह बूर्जे यांनी केलेल्या उत्खननात सत्तरहून अधिक पुरुषांचे सांगाडे सापडले. मानवशास्त्रज्ञ जॉन व्हेरानो यांनी हाडे तपासली. अनेकांच्या मानेच्या मणक्यांवर कापल्याच्या खुणा होत्या. कित्येकांची हाडे पूर्वी मोडून पुन्हा जुळलेली होती, म्हणजे ते लढलेले गडी होते. शेजारी गळ्यात दोर असलेल्या बंद्यांच्या मातीच्या मूर्ती फोडून टाकलेल्या होत्या. मडक्यांवरचे चित्र खरे होते. फार क्रूर, पण खरे.

चिखल काय सांगतो?

या सांगाड्यांबाबत आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. त्यांतले कित्येक घट्ट वाळलेल्या चिखलात रुतलेले होते. वाळवंटात चिखल कोठून आला?

काही वर्षांच्या अंतराने पेरूजवळचा समुद्र अचानक तापतो. यालाच ‘एल निन्यो’ म्हणतात. मग नेहमी कोरड्या असणाऱ्या किनाऱ्यावर मुसळधार पाऊस कोसळतो, कालवे वाहून जातात आणि मासे दूर जातात. मातीच्या विटांच्या देवळांची अशा पावसात काय दशा होत असेल, कल्पना करा! काही बळी तरी अशाच पावसाच्या काळात दिले गेले, हे चिखलावरून कळते. आभाळ कोपले म्हणून घाबरलेल्या माणसांनी केलेला हा उपाय असावा, असे बूर्जे यांना वाटते. सर्वांना हे मत मान्य नाही. पण चिखल आणि सांगाडे एकत्र सापडले, ही नोंद कोणालाच नाकारता येत नाही.

एल निन्यो आपल्यालाही परका नाही. तो आला की आपला मान्सून बऱ्याचदा लंगडा पडतो. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्याच वर्षी एल निन्योमुळे पेरूचा मासेमारीचा धंदा कोसळला. मात्र दर वेळी असेच घडते असे नाही. १९९७ साली जोरदार एल निन्यो असूनही भारतात पाऊस सर्वसाधारण झाला. मोचे लोकांना समुद्राचे तापमान मोजता येत नव्हते. आज ते उपग्रहांनी आणि तरंगत्या यंत्रांनी रोज मोजले जाते, म्हणून संकटाची चाहूल काही महिने आधी लागते. भीती आणि माहिती यांत फरक पडतो तो येथे.

चोरलेले मडके मुके होते

आता शेवटचा आणि कळीचा मुद्दा. जगातल्या संग्रहांत मोचे मडकी हजारोंनी आहेत. त्यांतली फार मोठी संख्या चोरट्या खोदकामातून आलेली आहे. हा उद्योग जुना आहे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी स्पॅनिश लोकांनी सोन्याच्या लोभाने मोचे नदीचा प्रवाहच सूर्याच्या मंदिरावर वळवला आणि त्याचा मोठा भाग धुऊन टाकला!

चोराने आणलेले मडके देखणे असते, पण त्याला विचारा: तू कोणाच्या थडग्यात होतास? तुझ्या शेजारी काय होते? वरच्या थरात होतास की खालच्या? ते काहीच सांगत नाही. सिपानचा मुकुट जर बाजारात विकला गेला असता, तर तो फक्त ‘सोन्याचा सुंदर मुकुट’ राहिला असता. तो कोणाच्या डोक्यावर होता, त्याच्या जवळ कुत्रा होता की नाही, हे कळले नसते आणि मडक्यांवरचे चित्र आजही पुराणकथाच समजले गेले असते. वस्तू जेथे सापडते ती जागा, तिची खोली आणि तिचे शेजारी हाच खरा ठेवा आहे. तो एकदा उकरला की पुन्हा जुळवता येत नाही.

चोरीबरोबर बनावटही येते. जुन्या साच्यांतून नवी मडकी काढून प्राचीन म्हणून विकणारे आहेतच. त्यांना पकडायला भौतिकशास्त्र मदत करते. मातीतले गारेचे कण सभोवतालच्या किरणोत्साराची ऊर्जा हळूहळू साठवत असतात. मडके भाजताना ही साठवण शून्यावर येते आणि पुन्हा नव्याने सुरू होते. प्रयोगशाळेत मडक्याचा कणभर भाग तापवला की साठलेली ऊर्जा अगदी मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाश जास्त तर मडके जुने, अगदी थोडा तर कालपरवाचे! या पद्धतीला उष्मादीप्ती म्हणतात.

मित्रांनो, मोचे लोकांनी आपला इतिहास लिहिला नाही. पण त्यांनी पाहिलेले माणूस, झाड, मासा, युद्ध आणि रोग मातीत उतरवून ठेवले. नीट जतन केलेली मडकी, काळजीपूर्वक केलेल्या नोंदी आणि स्वतंत्र पुराव्याने केलेली पडताळणी, यांतून तो इतिहास आपल्याला वाचता आला. तुमच्या गावाच्या पांढरीच्या टेकाडावरही पावसाळ्यानंतर जुनी खापरे उघडी पडत असतील. दिसली तर पाहा, चित्र काढा, जागा टिपून ठेवा, शिक्षकांना दाखवा. पण उकरू नका. ती खापरे अजून त्यांच्या शेजाऱ्यांजवळ आहेत.

करून पाहा

१. एक सरळ उभा पेला आणि एक गोल पोटाचा तांब्या घ्या. दोन्हींवर धुऊन जाईल अशा रंगाने सारख्या आकाराच्या माणसांची एक रांग काढा. पेल्याभोवती पातळ कागद गुंडाळून चित्र उतरवा. मग तांब्यावर तेच करून पाहा. कागदाला कोठे चुण्या पडतात? कोणत्या माणसांचा आकार बिघडतो? का?

२. चिकणमातीचा एक आंबा करून सावलीत वाळवा. त्यावर राख भुरभुरून ओल्या मातीचा थर दाबा आणि मधोमध कापून दोन अर्धे सोडवा. वाळल्यावर या साच्यातून दोन आंबे काढा. ते मूळ आंब्याहून किंचित लहान भरतात. किती लहान, ते दोऱ्याने मोजा आणि असे का होते याचा विचार करा. साच्यातून साचा काढीत गेल्यास मडकी पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जातील की नाही?

३. वर्गातल्या एका मित्राचे चित्र असे काढा, की नाव न लिहिता तो सर्वांनी ओळखावा. मग स्वतःला विचारा: दीड हजार वर्षांनंतर हे चित्र पाहणाऱ्याला त्यावरून काय काय कळेल?